माष, इंजिनियर काका आणि कुंतिपुळा

केरळातल्या सायलेंट व्हॅलीच्या जंगलात मुक्काळीच्या वनखात्याच्या चौकीपासून आतल्या सैरंध्रीपर्यंत २३ किलोमीटर जीपने जावं लागतं. धक्क्यांमुळे बोलणं अशक्य, म्हणून दोघे म्हातारे मागच्या बाकावर एकमेकांचा दंड धरून गप्प बसले होते. एक माझ्या मैत्रिणीचे वडील, निवृत्त शाळामास्तर. त्यांना सगळं गाव ‘माष’ म्हणतं. दुसरे त्यांचे शेजारी, वीज मंडळातून निवृत्त झालेले इंजिनियर काका. पुण्याला हॉस्टेलच्या खोलीत मैत्रिणीकडून या दोघांचं भांडण मी इतक्यांदा ऐकलं होतं, की सायलेंट व्हॅली बघण्याआधीच मला तिच्याबद्दलचे आकडे पाठ होते.

भांडण होतं तिथल्या धरणावरून. १९७३ साली नियोजन आयोगाने या जलविद्युत प्रकल्पाला मंजुरी दिली. कुंतिपुळा (पुळा म्हणजे नदी) सैरंध्रीजवळ अडवायची आणि पहिल्या टप्प्यात १२० मेगावॅट वीज करायची. इंजिनियर काकांचं बालपण रॉकेलच्या दिव्याखाली गेलेलं. मलबारला वीज मिळायलाच हवी असं ते म्हणत, आणि त्यात चूक काय होतं? आजही मला त्यांचं म्हणणं खोडून काढता येत नाही.

माष केरळ शास्त्र साहित्य परिषदेचे, म्हणजे लोकांपर्यंत विज्ञान नेणाऱ्या संघटनेचे कार्यकर्ते. एम. के. प्रसाद हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक या खोऱ्याबद्दल लिहायला लागले, तेव्हापासून माषही शाळा सुटली की सायकल काढून गावोगावी बोलायला जात. सुगतकुमारींसारख्या कवयित्री कवितेतून जे सांगत होत्या, ते माष चौथीच्या मुलांना कळेल अशा भाषेत सांगत. इकडे आपल्या पक्षितज्ज्ञ सलीम अलींनीही प्रकल्प नको म्हणून आवाज उठवला होता.

१९७९ साली परिषदेने प्रकल्पाचा तांत्रिक आणि आर्थिक बाजूंनी अभ्यास करून अहवाल काढला. त्यातलं गावकऱ्यांना काय सांगायचं, याची टिपणं माष रात्री काढत बसत. एका रात्री इंजिनियर काका शेजारून आले, वही ओढून घेतली आणि एक भागाकार खोडला. “हे चुकलंय. सभेत कुणी उठून विचारलं तर तोंडघशी पडशील.” पुढे कित्येक रात्री हेच चाललं. ऑफिसातला एक कागदही त्यांनी कधी घरी आणला नाही, माषनी कधी मागितला नाही. फक्त गणित तपासायचं. सकाळी एक जण मंडळात जायचा, दुसरा धरणाविरुद्ध सह्या गोळा करायला. माझ्या मैत्रिणीची आई दोघांसाठी एकाच भांड्यात कॉफी ठेवायची.

१९८० च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने प्रकल्पाविरुद्धची याचिका फेटाळली तेव्हा माष दोन दिवस जेवले नव्हते. इंजिनियर काका त्यांच्या ओट्यावर येऊन नुसते बसून राहायचे. मग प्रकल्पाचा फेरविचार करायला मेनन समिती नेमली गेली (तीत पुण्याचे माधव गाडगीळ होते, हे माषनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं, जणू मीच त्यांना पाठवलं होतं). १९८३ साली प्रकल्प बारगळला आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं.

सैरंध्रीला सुमारे ३० मीटर उंच मनोरा आहे. दोघेही थांबत थांबत वर चढले. खाली हिरव्या रंगाच्या किती छटा असतात ते मोजण्याचा नाद मी लगेच सोडला. इंजिनियर काकांनी जिथे दरी आवळत जाते तिकडे बोट दाखवलं. “जागा अचूक होती. दोन्ही बाजूंना खडक. आजही मी इथेच बांधेन.” मैत्रीण मला भाषांतर करून सांगत होती, तिचा आवाज थोडा कापत होता. माष काहीच बोलले नाहीत.

खाली उतरून पुलाकडे जाताना इंजिनियर काकांनीच माषची बाही ओढली. वर, क्युलेनियाच्या झाडाच्या फांदीवर, सिंहवालन, म्हणजे सिंहासारख्या शेपटीचं वानर. काळं अंग, तोंडाभोवती रुपेरी आयाळ. तो काटेरी फळ फोडून आतल्या बिया खात होता. हे वानर शक्यतो जमिनीवर उतरत नाही. झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले असतील तरच त्याला फिरता येतं. फळाची सालपटं आमच्यापुढे टपटप पडत होती. माषनी एक उचललं आणि इंजिनियर काकांच्या तळहातावर ठेवलं.

बराच वेळ नदीचाच आवाज होता.

“८३० हेक्टर पाण्याखाली,” माष म्हणाले. “तुम्ही लोक म्हणायचात, जंगलाच्या फक्त दहा टक्के.”

“दहा नाही,” इंजिनियर काका सालपटाकडे बघत म्हणाले. “८,९५२ हेक्टरपैकी ८३०. नऊ पूर्णांक तीन टक्के. तेव्हाही मी तुझ्या वहीत हेच लिहिलं होतं.”

परतीच्या जीपमध्ये ते सालपट त्यांच्या मुठीत होतं. मुक्काळीच्या चौकीवर बाहेर काही न्यायचं नाही असं गाईडने सांगितल्यावर त्यांनी ते माषकडे दिलं, आणि माषनी खाली वाकून झाडाच्या बुंध्याशी ठेवलं.