उन्हाळ्यातलं आंबट-गोड आणि दात-हिरड्यांची काळजी

एप्रिल-मेमध्ये घरात कैरी, लिंबू, कोकम, चिंच एकदमच सुरू होतं आणि गार पाणी प्यायलं की दाढेतून कळ जाते, अशी तक्रार याच दिवसांत वाढते. खापर पन्ह्यावर फुटतं. पन्हं खुशाल प्या, फक्त ते किती वेळ तोंडात रेंगाळतं याकडे लक्ष द्या.

एनॅमल, म्हणजे दातावरचं बाहेरचं आवरण, हा शरीरातला सर्वांत कठीण थर, पण आम्लापुढे तो हरतो. तोंडातला पीएच (आम्लाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की त्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतं. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते ३ च्या दरम्यान असतो, कोलाचा २.५ च्या आसपास. आम्ल निवळवून हे क्षार दाताला परत देण्याचं काम लाळ करते आणि त्यासाठी तिला अर्धा-पाऊण तास लागतो. खरी अडचण इथेच येते. घामावाटे पाणी गेलं की लाळ कमी सुटते, म्हणजे आंबट वाढतं तेव्हाच त्यावरचा उतारा घटतो.

म्हणून पेलाभर लिंबू सरबत जेवणाबरोबर पाच मिनिटांत संपवलं तर फारसं बिघडत नाही. तेच सरबत बाटलीत भरून तीन तास घोट घोट घेतलं, तर दर घोटाला पीएच पुन्हा खाली येतो आणि दाताला सावरायला उसंतच मिळत नाही. मुलांच्या बाटलीत साधं पाणीच द्या. सरबत, उसाचा रस, पन्हं झालं की लगेच पाण्याने खळखळून चूळ भरा, पण ब्रश मात्र निदान अर्धा तास, जमल्यास तासभर करू नका. मऊ पडलेला थर ब्रशने खरवडून निघतो. उलटी झाल्यावरही हाच नियम. ऊन लागून ओआरएस घ्यावं लागलं तर ते घोट घोटच घ्यायचं असतं, तेव्हा दातांचा विचार बाजूला ठेवा.

कैरीची फोड पुढच्या दातांनी चोखत बसू नका, दाढेखाली चावून संपवा. दात पांढरे व्हावेत म्हणून लिंबाची साल घासणं तर साफ बंद करा. बर्फाच्या गोळ्यात दुहेरी त्रास आहे: साखरेचा पाक बराच वेळ चोखला जातो आणि शेवटी बर्फ कडाकडा फोडताना दाताचा टवका उडतो किंवा जुनी सिमेंटची भर निखळते. ताक आंबट असलं तरी त्यात कॅल्शियम असल्यामुळे दातांना फारसं बाधत नाही, मात्र ते बिनसाखरेचं हवं.

आता हिरड्या. तोंड कोरडं पडलं की दातांवरचा चिकट थर लवकर साचतो. हिरडीच्या कडेला तो राहिला तर हिरडी सुजते, रक्त येतं, पुढे त्याचंच किटण होतं. रक्त दिसलं की लोक तिथे ब्रश फिरवणं सोडतात आणि दुखणं वाढतं. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला ४५ अंशांत तिरका धरा, जोर न लावता छोटे गोल फिरवा, दोन मिनिटं, सकाळी आणि झोपण्यापूर्वी. टूथपेस्टवर १००० पीपीएम फ्लोराइड लिहिलंय का ते पाहा. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. घासल्यावर फेस थुंका, वर पाण्याच्या चुळा भरू नका, नाहीतर फ्लोराइड धुऊन जातं. हिरडी दुखत असेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मिठाच्या गुळण्या करा. दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही तर दाताच्या डॉक्टरांकडे जा. मिश्रीने आराम पडल्यासारखा वाटतो, पण ती भाजलेली तंबाखूच आहे. तिने हिरड्या खाली उतरतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

सुट्टीत क्रिकेट खेळताना, सायकलवरून पडून मुलांचे दात निखळतात, तेव्हा काय करायचं ही माहिती प्रत्येक घरात असायलाच हवी. कायमचा दात मुळासकट बाहेर आला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दुधात किंवा पाण्यात फार तर दहा सेकंद हलवून घ्या, घासू नका. शक्य असेल तर लगेच त्याच खाचेत बसवून मुलाला स्वच्छ रुमाल चावायला द्या. जमलं नाही तर दात गार दुधात ठेवा, साध्या पाण्यात नको, आणि अर्ध्या तासात डॉक्टर गाठा. दुधाचा दात पडला असेल तर परत बसवू नका, खालच्या येणाऱ्या दाताला इजा होते.