पपईचा देठ आणि इक्विलिब्रियम

"मावशी, इक्विलिब्रियम म्हणजे दोन्हीकडे सारखंच असतं ना?" भाचीने केमिस्ट्रीतल्या समतोलाबद्दल विचारलं आणि मला माझी अकरावी आठवली. मी पण अगदी हेच समजून बसले होते, वर रिअ‍ॅक्शन थांबते असंसुद्धा, आणि तरी पेपरात मार्क पूर्ण, कारण व्याख्या पाठ होती ना!

तिला परत तीच व्याख्या काय ऐकवणार. मग परसातल्या पपईचा एक देठ तोडला (पोकळ असतो, लहानपणी आम्ही त्याचे भोंगे करायचो), नारळपाण्याबरोबर देतात तसली बारीक स्ट्रॉ घेतली आणि ओट्यावर दोन सारखे उंच, अरुंद ग्लास ठेवले. एकात दहा सेंटिमीटर पाणी, दुसरा रिकामा. नळी तळाला टेकवायची, वरून बोटाने बंद करायची, आत जेवढं आलं तेवढं समोरच्या ग्लासात सोडायचं. भरलेला ग्लास आणि देठ तिच्याकडे, रिकामा ग्लास आणि स्ट्रॉ माझ्याकडे.

सुरुवातीला माझी स्ट्रॉ जवळजवळ कोरडीच, तिचा देठ मात्र भरून, मग तिची पातळी उतरत गेली तसं तिचं कमी यायला लागलं आणि माझं जास्त. सत्तरेक फेऱ्या झाल्या असतील, हात दुखायला लागले, आणि पातळी हलेचना. आम्ही मात्र चालूच होतो हं. पट्टी लावली तर तिच्याकडे २.४ आणि माझ्याकडे ७.२.

"पण सारखं कुठेय?"

नाहीच. सारखं आहे ते एका फेरीत जाणारं आणि येणारं पाणी. तिचा देठ जाड पण पाणी कमी उंचीचं, माझी स्ट्रॉ बारीक पण पाणी तिप्पट उंच, हिशोब बरोबर. रिअ‍ॅक्शनमध्येही तसंच, पुढे जाण्याचा आणि उलट येण्याचा वेग सारखा, प्रमाण नाही.

मग तिच्या ग्लासात निळ्या शाईचे दोन थेंब टाकले. पातळी जागच्या जागी, आणि थोड्याच फेऱ्यांत माझं पाणी निळसर! हे बघून ती जी गप्प झाली ना. लेड आयोडाइडच्या संपृक्त (आणखी विरघळणार नाही अशा) द्रावणातही असंच करतात, फक्त शाईऐवजी किरणोत्सारी आयोडीन असलेला लेड आयोडाइड टाकतात, विरघळलेलं प्रमाण तेवढंच राहतं पण काही वेळाने द्रावणात किरणोत्सार सापडतो.

मग म्हटलं आता खरं उदाहरण घे, हायड्रोजन आणि आयोडीन एकेक मोल, बंद भांडं, ४२५ अंश सेल्सिअस, केसी, म्हणजे समतोलाला कुणाचं प्रमाण किती ते ठरवणारा स्थिरांक, साधारण ५५. शेवटी हायड्रोजन आयोडाइड १.५८ मोल आणि ते दोघे ०.२१ प्रत्येकी. सारखं काहीच नाही.

तिच्या ग्लासात आणखी पाणी ओतलं तर ते माझ्याकडे सरकलं आणि पुन्हा एकास तीनवर येऊन थांबलं, म्हणजे ले शॅटेलियरचा नियम (समतोल ढळवला तर तो बदल कमी होईल अशा बाजूला सरकतो) पण ओट्यावरच झाला. कॅटॅलिस्ट (रिअ‍ॅक्शन जलद करणारा पदार्थ) म्हणजे दोघींनी हात भराभर चालवणं, पातळ्या त्याच, फक्त लवकर. आणि तापमान बदलणं म्हणजे नळीच बदलणं, तेव्हाच ते एकास तीन मोडतं.

एवढं झाल्यावर बाईसाहेब वहीतली बेरीज बघून म्हणतात, "मावशी, २.४ आणि ७.२, ९.६च होतात. बाकीचे कुठे गेले?"

ओटा दाखवला. पुस्तकात 'बंद भांड्यात' असं का लिहितात ते तिचं तिलाच कळलं, आणि फडकं पण तिनेच आणलं.