कधीतरी गांजा ओढला तर काय बिघडतं?

मी पुण्यात मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करते. कॉलेजातलं व्याख्यान असो की नात्यातलं लग्न, कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारतंच, "मॅडम, खरं सांगा, कधीतरी गांजा ओढला तर काय बिघडतं? दारूपेक्षा तरी बरा ना?" विचारणारी मुलं बहुतेक विशीतली असतात. हल्ली त्यांच्या आयाही विचारतात.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि आधी फायद्याबद्दल बोलते. मजा येते. गाण्यातलं एकेक वाद्य सुटं ऐकू येतं, साधी मॅगी पक्वान्नासारखी लागते, मित्रांमध्ये हसू आवरत नाही, दिवसभराचा ताण थोडा वेळ दूर राहतो. हे नाकारणाऱ्या डॉक्टरच्या पुढच्या कुठल्याच वाक्यावर मुलं विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

मात्र हा फायदा नेमका कोणता, हे मी खोदून विचारते, कारण धोका किती हे बरंचसं त्या उत्तरावरून ठरतं. "मित्र जमले की मजा येते" असं एकजण सांगतो. दुसरा म्हणतो, "त्याशिवाय झोप लागत नाही," किंवा "डोक्यातले विचार थांबतात," किंवा "चार लोकांत बोलता येतं." मला काळजी वाटते ती या दुसऱ्याची. मजेसाठी घेणाऱ्याला मित्र जमायची वाट बघावी लागते. झोपेसाठी घेणाऱ्याला रात्र रोजच येते. काही महिन्यांनी तो स्वतःहून बंद करून बघतो, तेव्हा झोप उडते, चिडचिड होते, भूक मरते, विचित्र स्वप्नं पडतात. तो समजतो, मूळचा निद्रानाश परत आला, म्हणजे गांजा हेच माझं औषध. प्रत्यक्षात ही बरीचशी गांजा सोडल्याची लक्षणं असतात. पहिल्या आठवड्यात ती जोरात असतात आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांची ओसरतात. एवढं आधी कुणी सांगितलं असतं तर कितीतरी मुलं तो पहिला आठवडा तग धरून काढू शकली असती. आणि ज्या चिंतेसाठी त्यांनी सुरुवात केली, तिच्यावर चांगले उपचार आहेत. तिकडे मात्र वर्षानुवर्षं कुणी बघितलेलंच नसतं.

आता दारूशी तुलना. २०१० साली मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड नट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये वीस अमली पदार्थांच्या हानीला गुण दिले. घेणाऱ्याचं नुकसान आणि इतरांचं नुकसान, दोन्ही धरून. दारू शंभरपैकी ७२ गुणांसह पहिली आली, हेरॉइनच्याही वर. गांजाला २० मिळाले. मुलं हा आकडा मला मोबाइलवर दाखवतात. आकडा बरोबर आहे. गांजाच्या अतिसेवनानं श्वास बंद पडून माणूस मरत नाही, अफूच्या पदार्थांनी मरतो, हेही बरोबर. दारूनं या राज्यात किती घरं उद्ध्वस्त केली ते मी रोज बघते, आणि दारूची बाजू मी कधीच घेणार नाही. पण ते गुण एका समाजाच्या एकूण नुकसानाचे आहेत. तुमच्या घरात, तुमच्या वयात, तुमच्या मेंदूत काय होईल, ते त्यातून कळत नाही.

म्हणून मी घराण्याबद्दल विचारते. कुणाला स्किझोफ्रेनिया, बायपोलर असा गंभीर मानसिक आजार? एखादा काका "देवाच्या नादी लागून" घर सोडून गेला असं कुजबुजत सांगतात का? हा प्रश्न ऐकून मुलं गप्प होतात. पुष्कळांना माहीतच नसतं, कारण आपल्याकडे असा आजार फोटोच्या अल्बममधूनही काढून टाकतात. साधारण शंभरातल्या एका माणसाला आयुष्यात कधीतरी स्किझोफ्रेनिया होतो. आई किंवा वडिलांना असेल तर हे प्रमाण दहाच्या आसपास जातं. अशा मुलानं गांजा ओढणं म्हणजे कोरड्या गवताशेजारी काडी ओढणं. २०१९ मध्ये युरोप आणि ब्राझीलमधल्या रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज कडक गांजा घेणाऱ्यांमध्ये सायकोसिसची, म्हणजे भास-भ्रमांमुळे वास्तवाचं भान सुटण्याची, शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट दिसली. कडक म्हणजे ज्यात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, दहा टक्के किंवा त्याहून जास्त आहे असा. मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेला जो 'हायड्रो' (मातीशिवाय, पाण्यावर वाढवलेला गांजा) वारंवार पकडला जातो, तो या कडक जातीचा. साधू पिढ्यान् पिढ्या ओढत आलेत, हा दाखला त्याला लागू पडत नाही.

वयाचंही तसंच. गांजा घेऊन बघणाऱ्या शंभरातल्या साधारण नऊ जणांना त्याचं व्यसन लागतं, आणि सुरुवात किशोरवयात झाली तर सहातल्या एकाला. मेंदूची जडणघडण पंचविशीपर्यंत चालू असते. अकरावी-बारावीतल्या मुलांना मी यात कसलीही सूट देत नाही.

आणि एक गोष्ट जिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. आपल्याकडे बहुतेक मुलं सिगारेट रिकामी करून, तंबाखूत मिसळून गांजा भरतात. गांजा महिन्यातून एकदाच, असं अभिमानानं सांगणारा मुलगा वर्षभरात दिवसाला पाच सिगारेटींवर आलेला असतो. तंबाखूची पकड गांजाहून कितीतरी घट्ट.

भांगेला लोक प्रसाद समजतात. ती चढायला तास-दोन तास लागू शकतात, तोवर "काहीच होत नाहीये" म्हणून दुसरा ग्लास जातो, आणि मग महाशिवरात्रीला, होळीला घाबरून थरथरणारी माणसं इमर्जन्सीत येतात.

कायद्याचं थोडक्यात: १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात (एनडीपीएस) गांजा एक किलोपर्यंत 'अल्प प्रमाण' धरला, तरी एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पाव ग्रॅमच्या पुडीसाठी झालेला खटला नोकरीत, पासपोर्टच्या पडताळणीत आडवा येतो. ही शिक्षा गांजानं होणाऱ्या नुकसानापेक्षा मोठी आहे असं माझं मत आहे. पण धोका मोजताना ती धरावीच लागते.

मग माझं उत्तर काय? तिशी ओलांडलेला, घराण्यात मानसिक आजार नसलेला, हृदयविकार नसलेला, वर्षातून एखाद-दोनदा घेऊन त्या रात्री गाडीला हात न लावणारा माणूस विचारत असेल, तर त्याच्या तब्येतीला धोका कमी आहे, आणि मी त्याला तसंच सांगते. एकोणीस वर्षांचा, परीक्षेच्या भीतीनं एकटा खोलीत ओढणारा मुलगा विचारत असेल, तर नको म्हणते, आणि भीतीबद्दल बोलायला त्याच आठवड्यात बोलावते. एमडीबद्दल, म्हणजे मेफेड्रोन या रासायनिक नशेबद्दल, विचारलंत तर वरचं काहीही लागू नाही. त्या पावडरीत काय मिसळलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आयांना एवढंच सांगते: पुडी सापडली तर पहिला प्रश्न "कधीपासून?" हा नको, "त्यातून तुला काय मिळतं?" हा विचारा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, ती मोफत आहे. आणि पार्टीत कुणी बेशुद्ध पडलं, छातीत दुखतंय म्हणालं किंवा भलतंच बोलायला लागलं, तर घरच्यांच्या भीतीनं गच्चीवर झोपवून ठेवू नका. कुशीवर वळवा, रुग्णालयात न्या, आणि काय घेतलं, किती घेतलं, कशाबरोबर घेतलं ते तिथल्या डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा.