तुम्ही विचारलंत म्हणून: ‘आईला काही सांगू नका’

माझं काम कळलं की लोक थोडा वेळ गप्प होतात आणि मग हाच प्रश्न येतो. लग्नाच्या पंगतीत आलाय, डेक्कन क्वीनमध्ये आलाय, परवा भाजीवालीनेही विचारला. ‘‘ताई, तुम्ही कॅन्सरच्या पेशंटला खरं सांगता, की घरच्यांचं ऐकून खोटं बोलता?’’ मी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात वैद्यकीय समाजसेविका आहे. एकदा खोटं बोलले आहे. ते पुढे येईलच.

आधी हा प्रश्न जन्मतो कुठे ते सांगते. ओपीडीत आईला बाहेरच्या बाकावर बसवून मुलगा एकटा आत येतो, दार लोटतो. ‘‘मॅडम, तिला काही सांगू नका हं. खचेल ती.’’ मला त्याचा राग येत नाही. रात्रभर गाडीत उभा राहून आलेला असतो, दादरच्या धर्मशाळेत जागा मिळते का याची चिंता डोक्यात असते, आणि ही बातमी एकट्याने वाहणं हीच आपली सेवा असं त्याला मनापासून वाटत असतं. आपल्याकडे या रोगाचं नाव घरात घेतच नाहीत. ‘गाठ’ म्हणतात, ‘तो आजार’ म्हणतात, रेडिएशनला ‘लाईट’ म्हणतात.

‘भारतातच असं, तिकडे बाहेर सगळं सांगतात,’ हेही फार ऐकते. तिकडेही सांगत नव्हते. १९६१ साली शिकागोतल्या डॉक्टरांना विचारलं, तेव्हा ९० टक्क्यांचा कल न सांगण्याकडे होता. तीच प्रश्नावली १९७९ मध्ये अमेरिकेतल्याच एका विद्यापीठाच्या हॉस्पिटलात फिरवली, तर ९७ टक्के म्हणाले, सांगायला हवं. अठरा वर्षांत पारडं उलटलं. त्यामुळे ‘आपली संस्कृतीच तशी’ असं कुणी म्हटलं की मी मान डोलवते आणि विषय बदलते.

आता माझं खोटं. एक निवृत्त मास्तर होते, बावीस वर्षं पायी वारी केलेले. मुलींनी माझे हात धरून विनवलं होतं. मास्तरांनी सरळ माझ्याकडे बघून विचारलं, ‘‘बाई, साधंच आहे ना हे?’’ मी म्हटलं, ‘‘साधंच आहे.’’ आषाढी तोंडावर होती. गाडीने पंढरपूरला नेऊन आणता आलं असतं, डॉक्टरांची हरकत नव्हती. मास्तर म्हणाले, गाडीने कशाला, बरा होऊन पुढच्या वर्षी चालतच जाईन. दिवाळीच्या आधी ते गेले. मुलींनी मला कधी दोष दिला नाही. उलट मिठाई घेऊन भेटायला आल्या होत्या. ती मिठाई मी स्टाफला वाटून टाकली, माझ्या घशाखाली उतरली नाही.

म्हणून मी आता सत्यवादी झाले, असं नाही. अर्धा पडदा ओढलेल्या खाटेशी उभं राहून ‘‘चौथी स्टेज आहे, आता फारसं काही करता येणार नाही’’ एवढं सांगून पुढच्या खाटेकडे वळलेला डॉक्टरही मी पाहिलाय. त्याचा शब्द न् शब्द खरा होता. त्या माणसाने नंतर मला विचारलं, ‘‘चार स्टेज म्हणजे आणखी किती बाकी?’’

शब्दांचं हे वेगळंच दुखणं आहे. ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला’ म्हटलं की घरचे पेढे आणायच्या बेतात. स्कॅनच्या कागदावर ‘प्रोग्रेशन’ असतं, म्हणजे रोग वाढलाय, आणि कॉलेजात जाणारी नात आजोबांना सांगते, ‘‘प्रोग्रेस आहे.’’ त्यात डॉक्टर हिंदीत बोलणार, पेशंट अहिराणीत, मधे भाचा दुभाष्या. डॉक्टर म्हणतात, बीमारी लिव्हर में भी फैली है. भाचा मामीला सांगतो, लिव्हरला जरा सूज आहे. खोलीतल्या सगळ्यांना वाटतं, बोलणं झालं.

मग मी काय करते? आधी विचारते. टोरांटोचे कर्करोगतज्ज्ञ रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली वाईट बातमी सांगण्याच्या सहा पायऱ्या मांडल्या. प्रत्यक्ष माहिती सांगणं त्यात चौथं येतं. त्याआधी, पेशंटला काय ठाऊक आहे आणि त्याला किती जाणून घ्यायचंय, हे विचारायचं. माझ्या तोंडी ते असं असतं: ‘‘तुम्हाला आत्तापर्यंत काय काय सांगितलंय?’’ आणि मग, ‘‘रिपोर्टचं सगळं तुम्हालाच सांगू, की मुलाशी बोलू?’’ ‘मुलाशीच बोला, मला नका सांगू’ म्हणणारे खूप असतात. ते मी केसपेपरवर तसंच लिहिते. न ऐकण्याचा हक्कही त्यांचाच. मुलाने परस्पर ठरवलं की तो हक्क राहत नाही.

कायद्याचंही बळ आहे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितलं की पेशंट सज्ञान असेल आणि जिवावरचा प्रसंग नसेल, तर ऑपरेशनला तिच्या आईने दिलेली संमती चालत नाही. समीरा कोहली भूल दिलेल्या अवस्थेत होत्या, शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. नातेवाइकांसमोर मात्र मी हा निकाल काढत नाही. कोर्टाचं नाव घेतलं की मुलगा ऐकायचा थांबतो.

मघाची ती अहिराणी बोलणारी मामी. तिच्या मुलानेही मला ‘आईला काही सांगू नका’ म्हटलं होतं. भाच्याला औषधं आणायला धाडलं आणि तिला विचारलं. ती म्हणाली, ‘‘माले समदं समजस.’’ बाकावर शेजारी बसणाऱ्या बायकांच्या डोक्यावरचे रुमाल तिने तीन आठवडे पाहिले होते. किती दिवस, एवढंच तिला विचारायचं होतं. डॉक्टरांना बोलावलं, ते खुर्ची ओढून बसले, मी अधेमधे मराठीत सांगत गेले. शेवटी तिने माझा दंड धरला. मुलाला यातलं काही सांगू नकोस म्हणाली, तो घाबरेल.

म्हणजे आई आणि मुलगा, दोघंही एकमेकांपासून तेच लपवत होते. मी तिला म्हटलं, मी सांगणार नाही, पण त्याने विचारलं तर खोटंही बोलणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा दारात उभा. ‘‘मॅडम, आईला काही बोललात का?’’

‘‘आईलाच विचारा.’’

तो खाली गेला. खिडकीतून दिसत होता, चहाच्या टपरीशी, हातात न प्यायलेला ग्लास. बराच वेळ तसाच उभा होता. मग दोन चहा पार्सल घेऊन वर वॉर्डात गेला.