पावागडाचा बेसाल्ट आणि खंभातची खचदरी: कमकुवत खडकांचा हिशेब

आकाश स्वच्छ असलं की बडोद्याहून पावागड दिसतो. दख्खनच्या लाव्हाचे थर तिथे समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच उभे आहेत. शहराच्या पश्चिमेला, खंभातच्या खोऱ्यात, तोच लाव्हा कित्येक किलोमीटर गाळाखाली दडला आहे. १९५८ मध्ये लुणेजला आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागलं ते या गाळात.

खंभातची खचदरी, म्हणजे ताणामुळे मधली जमीन खाली बसून झालेली दरी, कशी झाली? ‘खंड ताणला गेला, जमीन खचली’ एवढ्यावर हा विषय मिटवतात, ते पटत नाही. खोरं शेकडो किलोमीटर लांब, पण रुंदीला शंभरच्या आसपासच. ताण इतक्या अरुंद पट्ट्यात का एकवटला? मध्यसागरी पर्वतरांगांमुळे बसणारी ढकल दर मीटर रुंदीमागे साधारण तीन लाख कोटी न्यूटन असते. थंड, अखंड खंड फाडायला याच्या कित्येक पट बळ लागतं. म्हणजे खडक आधीच कमकुवत असायला हवा, किंवा ताणता ताणता कमकुवत होत जायला हवा. इथे दोन्ही घडलं. धारवाडी खडकांची जुनी वायव्य-आग्नेय घडण खोऱ्याच्या दिशेशी बरीचशी जुळते.

ताजा खडक घासला तर घर्षणांक (सरकायला होणाऱ्या विरोधाचं माप) ०.६ ते ०.८५ येतो. भ्रंशावर, म्हणजे खडक ज्या फटीवर सरकतो तिथे, तो भरडला जातो, पाणी शिरतं, खनिजांची चिकणमाती होते. स्मेक्टाइट या फुगणाऱ्या चिकणमातीचा ओला घर्षणांक ०.१ ते ०.२ इतका उतरू शकतो. मग पुढची हालचाल त्याच फटीवर होते आणि ती आणखी कमकुवत होते. खाली ३०० ते ३५० अंश सेल्सिअसला क्वार्ट्झ वाहू लागतो, मिलिमीटरभराचे कण दहा ते शंभर मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) येतात आणि बारीक कणांचा खडक आणखी सहज वाहतो. कवच दहाएक किलोमीटरपर्यंत पातळ झालं की पाणी थेट कवचाखालच्या प्रावरणात उतरतं, तिथल्या ऑलिव्हिन खनिजाचं सर्पेंटाइन हे मऊ, निसरडं खनिज होतं. स्पेनच्या गॅलिसिया किनाऱ्यासमोर हे झालेलं आहे. खंभातची दरी तिथवर गेलीच नाही.

उलट बाजूही आहे. ताण मंद असेल तर वर आलेलं प्रावरण थंड होऊन कडक होतं आणि ताण शेजारी सरकतो. कमकुवत होण्याचा वेग जिंकला तर दरी अरुंद आणि बहुधा एका बाजूला कललेली. अमेरिकेतल्या बेसिन अँड रेंजसारखं जाड, उष्ण कवच मात्र शेकडो किलोमीटर रुंद पसरतं.

संगणकावर हे मांडताना घर्षणकोन (घर्षणांकाचंच कोनातलं रूप) ३० अंशांवरून १५ किंवा त्याखाली आणतात, विकृती (खडकाचा आकार किती बदलला याचं माप) ०.५ पासून १.५ पर्यंत वाढेल तसतसा. खरी गडबड जाळीत, म्हणजे गणितासाठी खडकाचे जे छोटे चौकोन पाडतात त्यांत, होते. भ्रंश एक-दोन चौकटींएवढाच रुंद उमटतो. चौकट निम्मी केली की तेवढ्याच सरकण्यात विकृती दुप्पट मोजली जाते आणि खडक लवकर कमकुवत ठरतो. म्हणून विकृतीची ही ०.५ ते १.५ ची मर्यादा चौकटीच्या मापाशी बांधावी आणि तीन वेगवेगळ्या जाळ्यांवर उत्तर तपासावं. दुसरी चूक: मधोमध कमकुवत ‘बी’ पेरायचं आणि दरी मधोमध उमटली म्हणून खूश व्हायचं. त्याऐवजी धारवाडी घडणीची दिशा आणि नर्मदेचा जुना कमकुवत पट्टा जिथे आहेत तिथेच ठेवावेत.

प्रत्यक्ष भ्रंशावर भरडलेल्या मातीची चिमूट ओली करून बोटांत चोळून पाहावी. खरखरली तर नुसता चुरा, गुळगुळीत आणि चिकट लागली तर चिकणमाती. नमुना लगेच प्लास्टिकमध्ये बंद करावा, सुकला की तडकतो. फक्त भ्रंशाच्या गाभ्यातला घेऊ नये. अखंड खडकापासून गाभ्यापर्यंत सलग घ्यावा.

ताण थांबला म्हणून दुबळेपणा जात नाही. कच्छची खचदरी ज्युरासिक काळातली, पण तिथले जुने भ्रंश आज दाबाखाली उलटे सरकतात; २६ जानेवारी २००१ चा ७.७ तीव्रतेचा भूकंप याच प्रदेशातला. कॅल्साइट भरून काही फटी सांधतात, चिकणमातीच्या फटी मात्र पूर्ववत होत नाहीत. त्यामुळे मॉडेलमध्ये सगळे भ्रंश एकाच वेगाने भरून येतात असं धरू नये.