तुळशीच्या लग्नाआधी

बोरीला दोन-दोन काटे असतात, जोडीनं. एक सरळ, सुईसारखा. तो टोचतो. दुसरा आकडीसारखा मागं वळलेला. तो धरतो. टोचणाऱ्याचं काही विशेष नाही, हात झटकायचा, बोट तोंडात घालायचं, विषय संपला. धरणाऱ्याशी मात्र बोलणी करावी लागतात.

पन्नाशी उलटल्यावर हे पुन्हा एकदा कळलं. नान्नजच्या अलीकडं, बार्शी रोडला, भर दुपारी दोन वाजता. एका नातेवाइकाच्या दहाव्याहून परत येत होतो. कडेला बोर दिसली, गाडी आपोआप थांबली. माझी गाडी बोरीपाशी आणि रसवंतीपाशी मला न विचारता थांबते. खाली वाकलो, चार बोरं उचलली, सरळ होताना पाठीमागून कुणीतरी शर्ट धरला. पुढं ओढलं तर चर्र आवाज आला. म्हणून तसाच अर्धवट वाकून उभा राहिलो. एक एसटी गेली. डाव्या बाजूच्या सगळ्या खिडक्या माझ्याकडं बघत गेल्या.

अशा अवस्थेत माणूस काय करणार? हातातलं एक बोर तोंडात टाकलं.

अर्धं हिरवं, अर्धं पिवळं. आधी तुरट, मग आंबट, आणि आठळीजवळ पोचेपर्यंत जरासं गोड. बोर फोडून बघायचं नसतं, हा माझा जुना नियम. आत आळी असली तर ती बोरातच जन्मली, बोर खाऊनच वाढली, म्हणजे ती बोरच की. घरात हा युक्तिवाद कुणाला पटत नाही. घरात ते ॲपल बोर आणतात. त्याला नाव दोघांचं, चव एकाचीही नाही.

लहानपणी आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहायचो. आजूबाजूला सगळे माग. दिवसभर खटखट, ती थांबली की झोपमोड व्हायची. शेजारचा माझ्या वर्गातला पोरगा घरी तेलुगू बोलायचा आणि बोराला रेगुपंडु म्हणायचा. मिलच्या भिंतीमागं पडीक जागा होती, तिथं चण्यामण्या बोरांची झुडपं होती. बोर वाटाण्याएवढं, त्यात आठळी हरभऱ्याएवढी, उरलं ते आमचं. दुपारभर वेचून दोन मुठी व्हायच्या. आठळ्याही फेकायच्या नाहीत. दगडावर ठेवून दुसऱ्या दगडानं फोडायच्या, आतली चपटी तपकिरी बी काढायची. दहातल्या नऊ वेळा बीचा चुरा आणि बोटाला मार. दहावी बी इतकी बारीक, की खाल्ली का नुसतीच आठवली, ते कळायचं नाही.

अडचण एकच होती. तुळशीचं लग्न. ते झाल्याशिवाय आमच्या घरात बोर, आवळा, चिंच यांतलं काही तोंडात घालायचं नाही. आधी देवाला. ‘बोर भाजी आवळा, कृष्णदेव सावळा’ म्हणून देव उठवायचा, तुळशीपुढं ऊस, आवळा, बोरं मांडायची, मंगलाष्टका व्हायच्या, मग आपण. आणि बोरं तर दिवाळीपासूनच खुणावायला लागलेली. मित्राच्या घरी अशी अट नव्हती, निदान तो तसं सांगायचा. तो खायचा आणि मी बघायचो, असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी मीही खाल्लं. आई काही विचारायची नाही. धुण्याच्या दगडाशी माझी खाकी चड्डी उलटी करायची, खिशातल्या आठळ्या मोजून ओट्यावर ओळीनं मांडायची आणि हाक मारायची, “देव उठला का रे?”

मित्राच्या घरी भोगीला लहान पोरांच्या डोक्यावरून बोरं ओतायचे. आमच्याकडं संक्रांतीनंतर बोरन्हाण. बोरं तीच, झुडपं तीच, वेचणारेही आम्हीच. त्याच्या बहिणीच्या डोक्यावर पडलेली बोरं आम्ही जमिनीवरनं दुसऱ्यांदा वेचायचो.

सीताफळाला असली बंधनं नव्हती. कोजागिरीला अख्खं सोलापूर तुळजापूरला चालत निघतं, 45 किलोमीटर. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. पहाटे घाटाशी पोचलो आणि उतारावरच्या झुडपातलं एक सीताफळ तोडलं. फळाचे डोळे उघडलेत का नाही ते अंधारात कळेना. शबनममध्ये घालून देवीपुढं नेलं, परत आणलं, ज्वारीच्या पोत्यात दडवलं. पाचव्या दिवशी बघितलं तर काळं दगड. कच्चं तोडलं होतं. ते कधी पिकतच नाही. बरं, ते चोरून आणलेलं, त्यामुळं रडायचीही सोय नाही.

आणि बिब्बा. मामाच्या गावाला दिवाळीच्या सुट्टीत झाड दाखवलं होतं. वर नारिंगी बोंड, खाली काळी बी, काजूचाच भाऊबंद. बोंड भाजून खातात, बीच्या आत गोडांबी असते, इतकंच ऐकलं होतं. गोडांबी फोडायलाही जाणता माणूस लागतो, हे ऐकायला मी थांबलो नाही. दगडानं ठेचलं, तेल उडालं. दुसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत बिब्बा उतला, फोडच फोड. मामीनं खोबरं चावून लावलं. सुट्टीत बिब्बा घालणं म्हणजे काय, ते तेव्हापासून मला सविस्तर माहिती आहे. डाग अजून आहे, पाच पैशाच्या नाण्याएवढा.

“काय करलालाव काका?”

सायकलवरचा पोरगा. दहा-बारा वर्षांचा, एक पाय रस्त्यावर टेकवून उभा. अडकलोय, म्हटलं. त्यानं माझ्याकडं दया येऊन बघितलं.

“फुडं वडू नका. मागं सरका. झाडात जावा.”

झाडात गेलो. आकडी आपोआप सुटली. शर्टाला बोटभर फाटकं. पोरगा तोपर्यंत पलीकडच्या फांदीवरची चांगली पिवळी बोरं काढून खिशात भरत होता. ती फांदी मला दिसलीच नव्हती. माळढोक पक्षी दिसतो का रे इकडं, मी उगाच विचारलं. अभयारण्य हाकेच्या अंतरावर, आणि माळढोकही बोरं खातो, म्हणजे गिऱ्हाईक एकाच दुकानाचं. “मी न्हाई बघितला कदी,” म्हणाला. “बोर्डावर हाय.” जाताना त्यानं खिशातली पाच-सहा बोरं मला दिली.

घरी आलो तेव्हा आई खिडकीशी बसली होती. हल्ली ती तिथंच असते. शर्टाचं फाटकं तिच्या लगेच लक्षात आलं. दहावा कुणाचा होता, ते सकाळपासून तीनदा सांगूनही लक्षात राहिलं नव्हतं. मी खिशातली बोरं तिच्या ओंजळीत ठेवली. तिनं एक उचललं, नाकाशी नेलं, बराच वेळ हुंगलं आणि मग परत ओंजळीत ठेवलं.

“तुळशीचं लग्न झालं का रे?”

कार्तिकी एकादशी चार दिवसांवर होती.

“झालं की,” मी म्हटलं. “परवाच झालं. तूच नाही का ऊस मांडलास?”

“हो का,” ती म्हणाली आणि बोर तोंडात टाकलं. दात नाहीत, नुसतं चघळत राहिली. तिन्हीसांजेला आत दिवा लावायला गेलो, परत आलो, तेव्हा खिडकीच्या कट्ट्यावर तीन आठळ्या ओळीनं मांडलेल्या होत्या.