पास एकच हवा, वर्तकनगर ते पेंधर

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते आणि तळोजा एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. स्टेशनपर्यंत टीएमटीची बस, तिथून पनवेल लोकलने बेलापूर, बेलापूरहून नवी मुंबई मेट्रोने शेवटचं स्टेशन पेंधर आणि पुढे कंपनीची बस. घरातून निघून ऑफिसला पोचायचं, माझ्या लेखी हा एकच प्रवास. तिकिटाच्या लेखी मात्र तीन, आणि दर वेळी भाडं पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरू.

मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. बेलापूर ते पेंधर अकरा स्टेशनं, अकरा किलोमीटर. सुरुवातीला शेवटपर्यंतचं भाडं ४० रुपये होतं, पुढच्या वर्षी ते ३० वर आलं. तरी जाऊन-येऊन ६० आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर १५०० होतात. ठाणे-बेलापूरचा लोकलचा सेकंड क्लासचा महिन्याचा पास याच्या पासंगालाही पुरत नाही, आणि लोकलचं अंतर मेट्रोच्या दुपटीहून जास्त आहे.

माझ्या डब्यात रबाळ्याला एक मावशी चढतात. खारघरच्या अलीकडे बेलपाड्याला चार घरची कामं करतात. लोकलचा पास प्लास्टिकच्या पाकिटात घालून पदराला पिनेने लावलेला असतो. बेलापूरला उतरल्या की सकाळी त्या चालत जातात. "जाताना पाय ताजे असतात गं, येताना बसते मेट्रोत," म्हणाल्या. बेलपाड्याचं तिकीट दहा रुपये. रोजचे दहा वाचले की महिन्याचे अडीचशे, त्यात गॅसला हातभार लागतो. मेट्रो त्यांच्या डोक्यावरून जाते आणि त्या खालून चालतात. हे मला रोज खुपतं.

आता कुणी म्हणेल, कार्ड आहे, अ‍ॅप आहे. बस-मेट्रोचं भाडं एकाच कार्डाने देता यावं म्हणून एनसीएमसी कार्ड मार्च २०१९ मध्ये आलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'मुंबई वन' हे तिकिटांचं अ‍ॅप आलं, त्यात लोकल, मेट्रो आणि बेस्ट, टीएमटी, एनएमएमटीच्या बस अशा अकरा सेवा आहेत. रांगेचा वेळ वाचतो, सुट्ट्या पैशांची कटकट जाते, हे चांगलंच आहे. पण पैसे एका ठिकाणाहून कापले गेले म्हणून भाडं एक होत नाही. तीन भाड्यांची बेरीज तेवढीच राहते.

भाडं एक असणं म्हणजे काय, हे आपल्याला परकं नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण डोंबिवलीहून येते. ठाण्याला उतरून, जिना चढून ती नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्स हार्बर लोकलच्या फलाटावर येते आणि दुसरी गाडी पकडते. पास एकच, डोंबिवली ते बेलापूर. गाडी बदलली म्हणून तिला कुणी नव्याने पैसे मागत नाही, पूर्ण अंतराचं भाडं एकदाच लागतं. हाच नियम बेलापूरच्या जिन्यावर का थांबतो?

कारण तिथून मालक बदलतो. लोकल रेल्वेची, मेट्रो सिडकोची, टीएमटी ठाणे महापालिकेची. प्रत्येकाचा जमाखर्च वेगळा, तोटा वेगळा, आणि सवलत दिली तर तो खड्डा कुणी भरायचा हा प्रश्न. अडचण खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण जर्मनीत हॅम्बुर्गने १९६५ मध्येच यासाठी सगळ्यांचा मिळून एक संघ उभा केला. पुढे तिथे वेगवेगळ्या मालकांच्या बस आणि गाड्या एका भाड्याखाली आल्या. तिकिटाचे पैसे एकत्र जमा होतात आणि ठरलेल्या सूत्राने सगळ्यांत वाटले जातात. आमच्या कंपनीत दोन युनिटचा सामायिक खर्च मी दर महिनाअखेरीला असाच वाटून टाकते. वाटणीचं सूत्र ठरवताना भांडणं होतात, एकदा ठरलं की तासाभराचं काम असतं. इथे तर 'मुंबई वन'वर प्रवाशाची प्रत्येक चढ-उतर नोंदवायची सोय होऊ शकते, म्हणजे वाटणीला लागणारी माहितीही हाताशी येईल.

सगळं एकदम करा असं मी म्हणत नाही. बेलापूरपासून सुरुवात करा. रेल्वेच्या पासाला मेट्रोचा महिन्याचा तुकडा जोडून द्या, ठाणे ते पेंधर. त्यासाठी पासाला चार-पाचशे रुपये जास्त पडले तरी मी आनंदाने देईन. आणि रबाळे ते बेलपाडा असा पास निघाला, तर त्याची किंमत मावशींना सकाळीही मेट्रोत चढता येईल एवढीच ठेवा.